आतून लाल झालेली पातेली

मित्रांनो, मला जुनी म्हणायला माझी हरकत नाही, कारण जुनी तर मी आहेच. पण मला गुणी म्हणू नका. या घरात सगळे मला गुणी म्हणतात आणि तिथेच घात झाला आहे. मी तांब्याची, जाड बुडाची, लांब दांड्याची पातेली. मी राहते त्या घरातल्या एका लहान मुलीच्या जिवाशी खेळ चालला आहे. तो माझ्या पोटात चालला आहे आणि घरातल्या एकालाही त्याची कल्पना नाही. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतं. म्हणून तुम्हाला सांगते. चुळबूळ न करता ऐका.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. सपाट पत्र्याला ठोकून ठोकून त्याने मला गोल केलं. हातोडीचे बारीक खळगे अजून माझ्या अंगावर आहेत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा ताठाही आहे. दांडा बसला तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपण तयार. पण तांबटाने मला शेजारच्या कल्हईवाल्याकडे धाडलं. त्याने मला भट्टीवर तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, पांढऱ्या धुराने स्वतःच खोकून खोकून बेजार झाला आणि मग कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील माझ्या पोटात सगळीकडे फिरवलं. पाण्यात बुडवलं तेव्हा मी अशी काही चरचरले की रस्त्यावरचं कुत्रं पळालं. बाहेर आले ती बाहेरून लाल आणि आतून पांढरी होऊन.

ही आतली पांढरी कातडी म्हणजे कल्हई. ती का हवी ते नीट ऐकून ठेवा. तांब्याला आंबट सोसत नाही. उघड्या तांब्यात लिंबू, टोमॅटो, वाइन असलं काही उकळलं किंवा नुसतं ठेवलं, तरी तांबं त्यात उतरतं आणि अन्न कळकतं. मोठ्या माणसाला कळकलेलं अन्न दोन दिवस आडवं करतं. लहान जिवाचं काय होईल ते सांगता येत नाही. कथील मध्ये असलं की ही भीती नाही. पण कथील मऊ असतं, पळी फिरून फिरून झिजतं आणि वर्षा-दीड वर्षात पुन्हा लावून घ्यावं लागतं.

मला विकत घेतलं एका तरुण आचाऱ्याने. त्याने नुकतंच स्वतःचं हॉटेल थाटलं होतं. खाली आठ टेबलं, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या दोन खोल्या. बोळातून आत यायचं तर भाजीच्या टोपल्यांवरून उडी मारून यावं लागे. तरी लोक येत, कारण त्या गावात वाइन घालून स्वयंपाक करणारा तो एकटाच होता. मांसाला तांबडी वाइन, माशाला पांढरी, गोडात रमचा एखादा चमचा. रस्सा आटला की बुडाशी चिकटलेला भाजका खरपूस भाग तो वाइन ओतून सोडवून घ्यायचा. ती ओतली की मी फुस्स करायची आणि वाफेचा लोट थेट छताला जायचा. कधी ब्रँडी घालून ती पेटवायचा. माझ्या तोंडावर निळ्या ज्वाळा नाचायच्या आणि दारातून डोकावणारी गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. टाळ्या त्याच्यासाठी असायच्या हे मला कळत होतं. तरी मी आपली फुगून बसायची.

आता गंमत अशी, की एवढ्या वाइनमध्ये आयुष्य काढलेल्या या माणसाने तिचा एक थेंब कधी जिभेला लावला नाही. त्याचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. भावाला शेवटचा खांदा दिला त्या दिवशी याने ठरवलं, दारू पातेलीत जाईल, पोटात जाणार नाही. मग वाइनचा कडक दर्प गेला की नाही हे चाखल्याशिवाय ओळखायचं कसं? तर नाकाने. तो माझ्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, वाफ ओढून घ्यायचा. आधी त्याच्या नाकात चुरचुरायचं. चुरचुर थांबली की तो मान वर करून मोठ्याने म्हणायचा, "उडाली!" म्हणजे दारू वाफेबरोबर उडून गेली, आता पुढचं घाला. हा शब्द ऐकल्याशिवाय या घरात कुणी वाइनच्या पदार्थाला हात लावत नसे. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव नाकवाले ठेवलं होतं, आणि ते त्याला आवडायचंही.

माझी निगा तोच राखायचा. बाहेरून राख आणि लिंबू, आतून फक्त हात आणि मऊ फडकं. कुणी घासणी घेऊन माझ्याजवळ आलं की ओरडायचा. दर वर्षी मला पिशवीत घालून कल्हईवाल्याकडे न्यायचा, आणि दोघे म्हातारे होईपर्यंत एकमेकांच्या पोटाच्या घेरावरून चिडवाचिडवी करायचे. ते दिवस सुखाचे होते. मला वाटायचं, हे असंच चालत राहील.

मग एका हिवाळ्यात नाकवाले तापाने पडले. ताप बरेच दिवस राहिला. उठले तेव्हा पायातला जोर गेला होता, आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे नाक गेलं होतं. ते मला कसं कळलं ते सांगते. शेजारच्या शेगडीवर दूध लागत होतं. घरभर करपट वास सुटला होता आणि नाकवाले त्या पातेल्याजवळच शांतपणे उभे होते. सून धावत आली.

"बाबा, दूध लागलं की! वास नाही आला तुम्हाला?"

"आला ना. न यायला काय झालं? किती लागतंय ते बघत होतो," ते म्हणाले.

सुनेला ते पटलं, कारण नाकवाल्यांचं नाक गेलं असेल हे कुणाच्या मनात येणार? पण ती गेल्यावर त्यांनी लवंगांची बरणी उघडली आणि नाकाला लावली. मग दालचिनीची. मग व्हिनेगरची बाटली. हुंगून हुंगून त्यांचे डोळे भरून आले. सगळी झाकणं त्यांनी परत घट्ट बसवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. ज्याच्या नाकावर हॉटेल उभं होतं, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? मला त्यांची कीव आली, आणि त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली.

तेव्हापासून स्वयंपाक सून करू लागली आणि पुढची टेबलं मुलगा बघू लागला. नाकवाले दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. वाइन उकळू लागली की सून हाक मारायची, ते काठी टेकत यायचे, काठोकाठ भरलेल्या माझ्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, मनात काहीतरी अंदाज बांधायचे आणि म्हणायचे, "उडाली." आवाज पूर्वीसारखा मोठा नसायचा. रिकामी असताना मी त्यांच्या नजरेला आता पडतच नव्हते.

सून वाईट नाही हो. उलट अशी कष्टाळू बाई मी पाहिली नाही. पण ती स्टीलच्या भांड्यांत वाढलेली. मला पहिल्यांदा घासायला घेतलं तेव्हा आतला करडा रंग बघून तिने नाक मुरडलं. "बाई बाई, किती वर्षांची काजळी आहे ही!" म्हणाली आणि तारेची घासणी घेऊन बसली. मित्रांनो, ती काजळी नव्हती. ती माझी कल्हई होती, जुनी होऊन करडी पडलेली. ती रोज घासत राहिली, घाम पुसत राहिली, आणि माझी कातडी पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेली. एके दिवशी तळाशी पहिला लाल ठिपका दिसला. तिला इतका आनंद झाला, की तिने नवऱ्याला बोलावून दाखवला.

"बघा, आता कुठे खरा रंग दिसायला लागला!"

"अगं, नवीकोरी केलीस की तिला," नवरा म्हणाला.

मी ओरडले असते, पण पातेली ओरडत नाही. थोड्याच दिवसांत मी आतून बाहेरून सारखी लालबुंद झाले. गिऱ्हाइकांचे रस्से माझ्यात घटकाभरच असायचे, लगेच ओतले जायचे, म्हणून तोवर कुणाला फारसं बाधलं नव्हतं.

एकदा, एकदाच, वाचायची वेळ आली होती. नाकवाल्यांना खुर्चीत बसल्या बसल्या काहीतरी आठवलं. त्यांनी सुनेला विचारलं, "अगं, पातेलीची कल्हई बघतेस ना? कशी आहे?"

आता कल्हई हा शब्द सुनेने कुठे ऐकलेला? तिला वाटलं, म्हातारी माणसं चकाकीला कल्हई म्हणत असतील.

"एकदम छान आहे, बाबा. आरशासारखी. मी रोज घासते ना स्वतः."

"शाब्बास. घासतेस कशाला रोज? बरं, असो. कल्हई चांगली आहे ना, मग झालं," ते म्हणाले आणि निर्धास्त झाले. तीही कौतुकाने खूश झाली. एका शब्दाने दोघांचं समाधान झालं. तिकडे कल्हईवाल्याने भट्टी केव्हाच बंद केली होती. त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, त्यामुळे रस्त्यातूनही कुणी आठवण करून देणारं उरलं नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते. नाकवाल्यांची नात पाच वर्षांची आहे. घरात सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून आजोबांनी तिचं नाव मुकादम ठेवलंय. "आजोबा, चष्मा पुसा." "बाबा, चप्पल सरळ ठेवा." कांदे निवडणाऱ्या बाईंनासुद्धा ती सोडत नाही. आजोबांवर तिचा फार जीव. ते खुर्चीत गप्प बसलेले दिसले की ही त्यांच्या मांडीवर चढून त्यांच्या मिशा ओढते.

तिच्या वाढदिवसाला तिने हुकूम सोडला, "मला केक नको. आजोबांची लाल नासपती पाहिजे." नासपतीची साल काढून ती तांबड्या वाइनमध्ये साखर आणि दालचिनी घालून मंद आचेवर शिजवायची, आणि मग त्याच पाकात रात्रभर मुरवायची. हा नाकवाल्यांचा हातखंडा पदार्थ. म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत उजळला. वाढदिवसाच्या आदल्या दुपारी सुनेने मला शेगडीवर चढवलं. नाकवाले समोर बसून सांगत होते आणि ती करत होती. वाइन उकळली. ते उठले, वाकले, डोळे मिटले.

"उडाली," ते म्हणाले.

पण लहान मुलीला द्यायचं म्हणून मुलाने पाकाचं बोट चाटून पाहिलं. त्याने तोंड वाकडं केलं. "बाबा, जीभ चुरचुरतेय. घसा पण धरतोय. उडाली नाही वाटतं अजून."

ती चुरचुर माझ्या तांब्याची होती. पण या घरात नुसती वाइन चाखलेलं माणूस एकही नव्हतं. वाइन कशी लागते आणि तांबं कसं लागतं, हे वेगळं ओळखणार कोण? नाकवाल्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, आपला अंदाज चुकला, आपलं बिंग फुटणार.

"मग... मग उकळ आणखी," ते घाईने म्हणाले. "चांगली उकळ. पोरीला द्यायचंय."

मित्रांनो, विष कमी करायला त्यांनी जाळ वाढवला. जितकी वाइन उकळली तितकं माझं तांबं तिच्यात उतरलं. पुन्हा चाखलं तर चुरचुर वाढलेली. पुन्हा उकळलं. शेवटी सुनेने चव सुधारायला दोन लिंबं पिळली. मी मनात म्हटलं, संपलं. मग झाकण ठेवून त्यांनी मला ओट्यावर ठेवून दिलं, नासपतीला रंग चढावा म्हणून. ती रात्र मी तो पाक पोटात घेऊन काढली. अंगात काहीतरी कणाकणाने सुटत होतं ते मला कळत होतं आणि झाकण मला उघडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवून सगळे माझ्याभोवती बसले. मुकादमने पहिला घास घेतला आणि थांबली.

"आजोबा, नाणं चाटल्यासारखं लागतंय."

एवढंसं पोर, पण अचूक बोललं. माझा जीव भांड्यात पडला, हा शब्दप्रयोग माझ्या तोंडी शोभत असेल तर. वाटलं, आता तरी कळेल. पण सगळे हसले.

"अगं, वाइन आहे ती, अशीच लागते," आई म्हणाली. ज्या बाईने जन्मात वाइन चाखली नव्हती, ती किती खात्रीने म्हणाली!

मुकादमने आजोबांकडे पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काहीतरी कळलं असावं तिला. "छान आहे," ती म्हणाली आणि सगळी वाटी संपवली. वर पाकही पिऊन टाकला. नाकवाल्यांनी एक फोड जेमतेम खाल्ली, कारण आनंदानेच त्यांचं पोट भरलं होतं. मुलाने आणि सुनेने चव आवडली नाही म्हणून दोन घास खाऊन बाजूला सारलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या. मी खालच्या ओट्यावरून वरची धावपळ ऐकत होते. "अहो, हिरवट पडतंय हो हिला!" असं सुनेचं किंचाळणं ऐकू आलं, मग जिन्यावरून पावलं, मग बोळात रिक्षाचा आवाज. नाकवाले एकटे मागे राहिले. ते स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले आणि माझ्याकडे पाठ करून रडले. इतकं रडताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पोर वाचली. चार दिवस दवाखान्यात सलाइन लावून पडली होती, पण वाचली. सगळे परत आले त्या दिवशी डॉक्टरबाईंचं बोलणं मला कळलं. त्यांनी विचारलं होतं, मुलीने काय खाल्लं? वाइनमधली नासपती, असं सुनेने सांगताच त्या कडाडल्या, पाच वर्षांच्या मुलीला वाइन? उकळली की सगळी दारू उडते हा गैरसमज आहे, थोडी राहतेच, तुम्ही शिकलेली माणसं ना? त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पण एकदा चोर सापडला म्हटल्यावर दुसरा कोण शोधतो? भांडं कसलं होतं, हे कुणी विचारलंच नाही.

नाकवाल्यांनी ते ऐकलं आणि काठी खाली ठेवली.

"तिची चूक नाही," ते सुनेकडे पाहत मुलाला म्हणाले. "माझी आहे. मला वास येत नाही रे. त्या तापापासून येत नाही. मी नुसतं अंदाजाने म्हणत होतो, उडाली."

मग सून त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, आम्हाला सांगायचं नाही का?" एवढंच म्हणाली आणि तिलाच हुंदका आला. मुलाने कपाटातल्या वाइनच्या सगळ्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. शेवटची बाटली ओतल्यावर तिघांनाही मोकळं वाटलं. घरातून संकट गेलं, असं त्यांना खरंच वाटलं. माझ्या आत पाक जिथवर होता तिथे हिरवं वर्तुळ उमटलं होतं. सुनेने ते पाहिलं. "मेल्या वाइनचे डाग," म्हणाली आणि तारेच्या घासणीने निपटून काढलं. जी काही कथलाची कड कुठे कोपऱ्यात उरली होती, तीही गेली.

आणि आता हे आजचं.

मुकादम वर गादीवर पडली आहे. गाल बसलेत, पण हुकूम सोडायला लागली आहे. डॉक्टरबाईंनी हलकं काहीतरी द्यायला सांगितलंय, म्हणून आईने टोमॅटोचं सूप करायला घेतलं. कुठलं भांडं घ्यावं म्हणून तिने फळीवर हात फिरवला. स्टीलचं पातेलं उचललं, खाली ठेवलं आणि मला काढलं. आजारी पोरीसाठी करायचं तर घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं घ्यावं, असं आईला वाटणारच. चांगले आंबट, पिकलेले टोमॅटो आहेत. वरून लिंबू पिळलंय, तोंडाला चव यावी म्हणून. दिवसभर थोडं थोडं गरम करून देता येईल, असं ती नवऱ्याला सांगत होती. म्हणजे ते माझ्यातच राहणार आहे.

दाराजवळच्या खुर्चीत नाकवाले बसले आहेत. वाफ त्यांच्याकडेच जाते आहे. ते सुनेकडे बघून हसताहेत, कारण यात वाइनचा थेंब नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे तांब्या-पितळेचं भांडं असेल तर ते उचला आणि आत बघा. बाहेरची चकाकी बघून त्याच्यात आंबट शिजवू नका. कल्हई शब्द माहीत नसेल तर कुणाला तरी विचारा, विचारायची लाज वाटून घेऊ नका. आणि नाण्यासारखं लागतंय असं एखादं लहान मूल म्हणालं, तर हसू नका, घास काढून घ्या. मला मोडीत घाला, माझे खिळे करा, मी एका शब्दाने तक्रार करणार नाही. पण आधी कुणीतरी, ज्याला तोंड आहे असं कुणीही, या स्वयंपाकघरात या आणि हे सूप ओतून द्या.

सुनेने गॅस बंद केला. सूप वाटीत ओतलं, चमचा ठेवला.

"आई, झालं का गं? भूक लागली," वरून हाक आली.

"आणते गं राणी," आई म्हणाली आणि वाटी पदराने धरून जिना चढू लागली.